पुटकुळ्यांची ट्यूब डोक्याला लावण्याआधी

पुटकुळ्यांवर लावायच्या मलमातला एखादा घटक केसगळतीवर उपयोगी पडतो का? या प्रश्नाचे उत्तर ‘पडू शकतो’ असे आहे. त्याला शास्त्रीय आधार आहे, त्यावर प्रयोग झाले आहेत, आणि त्यांतल्या एका प्रयोगात मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांचाही सहभाग आहे. म्हणून असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला वेड्यात काढू नये. माझी तक्रार निराळी आहे. प्रयोगशाळेत मिळालेले हे उत्तर धर्माबादच्या मेडिकलपर्यंत पोचते तेव्हा त्याला जोडलेल्या सगळ्या अटी वाटेतच गळून गेलेल्या असतात, आणि हातात उरते ती फक्त ट्यूब.

धर्माबाद महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. पलीकडे बासर, पुढे निजामाबाद. मुदखेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन, लाल मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले. इथल्या माणसांना मराठी जितकी येते तितकीच तेलुगूही येते, आणि दुखणे वाढले की कोणी नांदेडला जाते, कोणी निजामाबाद-हैदराबादला. दहावी झाली की हुशार पोरे नीटच्या क्लाससाठी लातूर-नांदेड गाठतात. मेसचे जेवण, रात्रीची जागरणे आणि नेमके सोळा-सतराचे वय. आधी चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, मग उशीवर केस दिसू लागतात. पोरगा सुट्टीत घरी आला की आई मेडिकलवर जाऊन म्हणते, “पोराचे केस लई गळायलेत, काहीतरी द्या.” मोबाइलवर कुणीतरी सांगितलेले असते की पुटकुळ्यांची ट्यूब केसांनाही चालते. ट्यूब घरात असतेच, मग ती डोक्यालाही लागते.

या आईची काळजी मला क्षुल्लक वाटत नाही. पंचविशीत टक्कल पडलेल्या मुलाचे स्थळ कसे परत जाते आणि भांग रुंदावलेली मुलगी डोक्यावरची ओढणी का काढत नाही, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. केस गेल्याने माणूस मरत नाही हे खरे असले, तरी त्या दुःखात तो महिनोन्‌महिने काढतो. म्हणूनच त्याला मिळणारे उत्तर पूर्ण असले पाहिजे.

केसाचे मूळ आणि तेलकट स्राव करणारी ग्रंथी कातडीत एकमेकांना जोडलेली असतात, दोन्हींचे तोंड एकाच छिद्रातून बाहेर उघडते. वयात येताना पुरुषी हार्मोनचा जोर वाढला की ती ग्रंथी जास्त स्राव सोडते, छिद्र तुंबते, जंतू वाढतात आणि पुटकुळी उठते. डोक्याच्या पुढच्या आणि मधल्या भागात, ज्यांना आनुवंशिक कल आहे त्यांच्या बाबतीत, त्याच हार्मोनमुळे केसाचे मूळ हळूहळू लहान होत जाते. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, त्याच्याही जागी लव येते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले की वयात येण्याआधी वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले आणि घराण्यात टक्कल असले तर पडते. १९७४ मध्ये ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिनली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डीएचटी या जास्त तीव्र हार्मोनमध्ये करणारे एन्झाइम तिथल्या काही पुरुषांत जन्मतःच कमी होते. त्यांच्या केसांची रेषा मागे सरकत नव्हती आणि चेहऱ्यावर पुटकुळ्याही दिसत नव्हत्या. दोन्ही तक्रारींच्या मागे एकच हार्मोन असल्याचा याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

मग एकाचे औषध दुसऱ्यावर का चालू नये? चालावे, अशी अपेक्षा ठेवणे तर्काला धरून आहे. पण पुटकुळ्यांवरची सगळी औषधे त्या हार्मोनवर काम करत नाहीत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारते. ते डोक्याला लावले तर केस वाढायचे सोडाच, तांबूस-पिवळे होतात आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात. सॅलिसिलिक आम्ल खपल्या आणि कोंडा काढते. खाज कमी झाली की ओरबाडणे थांबते, तेवढाच त्याचा फायदा. अझेलाइक आम्लाची गोष्ट थोडी वेगळी आहे. डीएचटी तयार करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते असे १९८८ मध्ये दिसले, आणि तेव्हापासून केसांच्या कित्येक लोशनांत ते मिसळले गेले. ते दिसले मात्र प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या कातडीवर. जिवंत माणसाच्या डोक्यावर एकट्या अझेलाइक आम्लाने टक्कल भरून आल्याचा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही, आणि लोशनांच्या वेष्टनावर ही गोष्ट कोणी छापत नाही.

सगळ्यांत जास्त बोलले जाते ते ट्रेटिनॉइनबद्दल, आणि ते तसे बोलण्यासारखे आहेच. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांच्या कामातून १९६९ च्या सुमारास पुटकुळ्यांवर आले. १९८६ मध्ये गेल बझानो आणि सहकाऱ्यांनी ते केसांवर वापरून पाहिले, एकटे आणि मिनॉक्सिडिलच्या जोडीनेही. काहींचे केस वाढल्याचे त्यांनी नोंदवले. मिनॉक्सिडिल म्हणजे मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्याला लावायचे औषध म्हणून ते पुढे आले, आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज केसगळतीवर सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध तेच.

मिनॉक्सिडिल जसे बाटलीत असते तसे ते काम करत नाही. केसाच्या मुळातले सल्फोट्रान्सफरेज नावाचे एन्झाइम त्याचे रूपांतर करते, तेव्हा कुठे ते कामाला लागते. पोते भरून ज्वारी घरात असली तरी दळल्याशिवाय भाकरी होत नाही, तसेच हे. ज्याच्या डोक्यात ही गिरणी मंद आहे त्याने वर्षभर बाटल्या रिकाम्या केल्या तरी फारसे हाती लागत नाही, आणि अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्याच्या लेखकांत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. रचिता धुरत आहेत, आधी रुग्णांचे केस उपटून त्यांच्या मुळांतले हे एन्झाइम मोजले गेले. मग पाच दिवस डोक्याला ट्रेटिनॉइन लावून ते पुन्हा मोजले. मिनॉक्सिडिल लागू पडणार नाही असा अंदाज ज्यांच्याबद्दल होता, त्यांतल्या ४३ टक्के लोकांचे एन्झाइम इतके वाढले की ते ‘लागू पडेल’ या गटात गेले.

ट्यूबचा विषय निघाला की लोक हाच आकडा पुढे करतात, म्हणून त्यात काय मोजले गेले ते पाहिले पाहिजे. मोजले गेले एन्झाइम. पाच दिवसांत केस मोजणे शक्यच नव्हते, कारण डोक्यावरचा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. त्या संशोधकांनी आधी माणूस तपासला, मगच औषध लावले. ज्यांचे एन्झाइम पहिल्यापासून चांगले होते त्यांच्यासाठी हा खटाटोप नव्हताच. बाजार नेमकी ही पहिली पायरी उचलून बाजूला ठेवतो आणि दुसरी विकतो.

ट्रेटिनॉइनची दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये कोरियात झालेल्या ३१ पुरुषांच्या अभ्यासात, दिवसातून एकदा मिनॉक्सिडिल आणि अगदी थोडे, ०.०१ टक्के, ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांना दोनदा नुसते मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांइतकाच गुण आला. म्हणजे फायदा झाला तो एक वेळचे लावणे वाचण्याचा. हेही काही कमी नाही, कारण दोनदा लावायचा कंटाळा येऊन लोक औषधच सोडतात. पण ०.०१ टक्के हे प्रमाण चेहऱ्याच्या नेहमीच्या ट्यूबमध्ये नसते, तिथे ते अडीचपट ते दहापट असते. ट्रेटिनॉइनमुळे कातडीतून मिनॉक्सिडिल जवळपास तिप्पट आत शिरते असेही आढळले आहे, आणि रक्तदाबाचे औषध रक्तात जास्त गेले तर छातीत धडधड होऊ शकते. प्रयोगशाळेत मानवी केसांच्या मुळांवर याच जातीचे रसायन टाकले तेव्हा केस वाढ थांबवून गळण्याच्या टप्प्याकडे वळलेलेही दिसले आहेत. पुटकुळ्यांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनने काहींचे केस विरळ होतात, आणि अ जीवनसत्त्व अति झाले तरी केस गळतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना जुनेच ठाऊक आहे. गरोदर किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने ट्रेटिनॉइनपासून लांबच राहावे. ही गोष्ट मेडिकलच्या काउंटरवर कोण विचारते?

खऱ्या अर्थाने ‘पुटकुळ्यांचे औषध केसांवर’ म्हणता येईल असे औषध म्हणजे क्लास्कोटेरॉन. ते केसाच्या मुळाशी आणि ग्रंथीपाशी त्या पुरुषी हार्मोनची जागाच अडवून बसते. त्याच्या एक टक्का क्रीमला पुटकुळ्यांसाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता मिळाली. केसांसाठी त्याच घटकाचे पाच टक्क्यांचे द्रावण वेगळे बनवले गेले आणि पुरुषांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले. त्यांतल्या एकीत औषध नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या तुलनेत ५३९ टक्के सुधारणा झाल्याचे सांगितले गेले. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण समजा, नुसते द्रावण लावणाऱ्यांना ठरावीक जागेत सरासरी एक केस जास्त आला आणि औषध लावणाऱ्यांना साडेसहाच्या आतबाहेर आले, तरी हिशेब ५३९ टक्क्यांच्या आसपासच जातो. माझे आकडे कल्पित आहेत, पण टक्केवारी काय लपवू शकते ते त्यांतून कळते. औषध खोटे आहे असे मी म्हणत नाही, त्यामागचा विचार मला या सगळ्यांत अधिक सरळ वाटतो. पण ज्यांनी ते बनवले त्यांनीसुद्धा चेहऱ्याची ट्यूब डोक्याला लावली नाही. प्रमाण बदलले, माध्यम बदलले आणि चाचण्या नव्याने घेतल्या.

आता आपल्याकडे घरात असलेली ती ट्यूब पाहा. आपल्या भागात ‘पिंपलची ट्यूब’ म्हणून जी मागितली जाते, ती पुष्कळदा तीन औषधांचे मिश्रण असते. ट्रेटिनॉइनबरोबर कातडीचा रंग उतरवणारे हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोनसारखे स्टिरॉइड. चेहरा उजळतो म्हणून ती वर्षानुवर्षे लावली जाते. मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि स्टिरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टिरॉइडांना चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत आणले, ते उगीच नाही. आता ट्रेटिनॉइन केसांना चांगले असे ऐकलेला मुलगा हीच ट्यूब डोक्यावर चोळतो तेव्हा सोबत काय काय चोळतो, याचा त्याला पत्ताही नसतो.

आपल्या कायद्यात याबद्दल एक तरतूद आहे आणि ती लोकांना माहीत असायला हवी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये अशा आजारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. टक्कल त्या यादीत आहे. असे असूनही बसस्टँडच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत टक्कल घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींचा सुकाळ आहे.

केसगळती म्हणजे एकच आजार, ही समजूत आपण सोडली पाहिजे. त्यासाठी लांबचे उदाहरण नको. डिसेंबर २०२४ अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक मुठीने निघू लागले. दोन-तीन दिवसांत डोकी साफ झाली. बाया, माणसे, शाळकरी पोरे, कोणी सुटले नाही. कोणी शांपूला दोष दिला, कोणी खारट पाण्याला, कोणी बुरशीला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथके आली. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर मूळचे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, तेव्हा सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेले आणि जस्त कमी आढळले. रेशनच्या गव्हातही सेलेनियम फार जास्त होते आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडून आला असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे एप्रिलमध्ये त्या भागात काहींची नखेही गळू लागली.

बोंडगावच्या एखाद्या बाईने त्या आठवड्यात पुटकुळ्यांची ट्यूब लावली असती, मिनॉक्सिडिल लावले असते, कांद्याचा रस लावला असता, तर काय झाले असते? बावस्करांच्या तपासणीप्रमाणे दोष होता जेवणात. आणि अशा गळतीत मुळे जिवंत असतात, म्हणून कारण दूर झाले की केस आपोआप परत येऊ शकतात. तेव्हा जी काही बाटली हातात असती तिलाच श्रेय मिळाले असते. केसांच्या उपचारांची निम्मी कीर्ती अशीच पसरते, असे मला ठामपणे वाटते. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा एकदम कमी केलेले जेवण, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात आणि सहाएक महिन्यांत बहुधा थांबतात. गळती सुरू होते तेव्हा ताप कधीच विसरलेला असतो, म्हणून दोष जातो बोअरच्या पाण्याला. गळती थांबते तेव्हा बाटली संपत आलेली असते, म्हणून श्रेय जाते बाटलीला.

तिरुपतीला केस देऊन आलेल्यांचे केस दाट येतात ही समजूतही याच जातीची. वस्तऱ्याने कापला जातो तो वरचा निर्जीव केस, मूळ खाली तसेच राहते. म्हणून केस जसा होता तसाच परत येतो, फक्त बोथट टोकामुळे हाताला जाड लागतो. टकलात मूळच आखडत जाते, तिथे मुंडणाने काय होणार?

बायकांच्या केसगळतीबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण ट्यूबचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले, आधीच्या फेरीपेक्षा जास्त. शरीरात लोहाची कमतरता असली की केस पातळ होण्याला ती हातभार लावते. मिरचीच्या हंगामात दिवसभर देठ खुडत बसणाऱ्या बाईचे केस गळत असतील तर आधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे, थायरॉइड पाहावे. हे पाहायला ट्यूबपेक्षा फार खर्च येत नाही.

आणि एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या, डोक्यावर विरळ केस, हनुवटीवर लव आणि पाळी अनियमित, असे सगळे एकत्र दिसले तर? ज्या शास्त्रामुळे पुटकुळ्यांचे औषध केसांवर चालेल असे वाटते, तेच शास्त्र इथे सांगते की ही एकाच हार्मोनची चार लक्षणे आहेत आणि मुलीला पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड असण्याची शक्यता तपासली पाहिजे. त्याचा संबंध पुढे साखरेशी आणि मूल होण्याशीही असतो. अशा मुलीने दोन तक्रारींवर एक ट्यूब लावली आणि तिच्या पुटकुळ्या थोड्या बसल्या, तर तिला डॉक्टरकडे नेणारी खूणच पुसली जाते. ट्रेटिनॉइनने होणाऱ्या आगीपेक्षा मला हे नुकसान जास्त मोठे वाटते.

कोणी म्हणेल, हे सगळे नांदेडात बसून बोलायला ठीक, धर्माबादला त्वचारोगतज्ज्ञ कुठे आहे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, रांग. त्यापुढे मेडिकल चार पावलांवर. लोक अडाणी आहेत म्हणून ट्यूब लावतात असे नाही, जवळ दुसरे काही नाही म्हणून लावतात. पण तज्ज्ञ नसला तरी पहिली पायरी गावातल्या एमबीबीएस डॉक्टरलाही चढता येते, कारण बहुतेक वेळा ती प्रश्नांचीच असते. गळती कधीपासून आहे? तीन-चार महिन्यांत ताप, बाळंतपण, ऑपरेशन झाले का? केस सगळीकडून गळतात, फक्त पुढून-मधून, की चाई पडल्यासारखे गोल गोल? पोराच्या डोक्यावर खपल्या, पू आणि तुटके केस असतील तर ती बुरशी असते आणि तिला पोटातून औषध लागते. बाप-मामाला टक्कल आहे का? पाळी वेळेवर येते का? या प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात.

आणि हे सगळे झाल्यावर गळती आनुवंशिक ठरली, मिनॉक्सिडिल काही महिने नीट लावूनही गुण आला नाही, तर डॉक्टरच्या सल्ल्याने त्यात ट्रेटिनॉइनची जोड देऊन पाहावी. त्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. फक्त ती जोड डोक्यासाठी बनवलेल्या द्रावणात, ठरलेल्या प्रमाणात असावी, आणि औषध बंद केले की मिळालेले केस तीन-चार महिन्यांत पुन्हा जातात हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे.

जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे माझे मागणे आहे की धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावा, आणि तो दिवस तेलुगू आणि मराठी दोन्हींत फलकावर लिहावा. गावातल्या मेडिकलवाल्यांना विनंती आहे की ‘केस गळायलेत’ म्हणत आलेल्या आईला ट्यूब देण्याआधी मागच्या चार महिन्यांत घरात कोणाला ताप आला होता का एवढे विचारा. आणि ज्यांच्या घरात ती ट्यूब आहे त्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरे आजच वाचावीत. मोमेटासोन किंवा हायड्रोक्विनोन हे नाव दिसले तर ती डोक्याला लावू नका. ती चेहऱ्याला रोज लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरला दाखवा.